दहाव्या वर्षानंतर मुलांची पाठ बघत जा: स्कोलिओसिस घरच्या घरी कसा ओळखायचा, धोका कुणाला जास्त आणि पुढे काय करायचं

दोन वर्षांपूर्वी नरक चतुर्दशीला पहाटे सासूबाई माझ्या लेकीला तेल लावत होत्या. लेक तेव्हा सव्वाबारा वर्षांची, पाटावर गुडघ्यांवर डोकं टेकवून अर्धवट झोपेत बसलेली, आणि पाठीवरून फिरता फिरता सासूबाईंचा हात थांबला, म्हणाल्या अगं इकडे ये जरा, हिची उजवी बाजू वर आलीये बघ, डावीकडे हात खाली जातोय. मी हात लावला तर खरंच, उजव्या खवाट्याखाली बरगड्यांचा उंचवटा होता आणि बाथरूमच्या बल्बच्या उजेडात त्याची सावली पाठीच्या दुसऱ्या बाजूवर पडत होती. तिला उभं केलं तर काहीच दिसेना. परत वाकवलं, परत दिसला.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी तिची पाठ शेवटची बघितली ती आदल्या दिवाळीला. लहान असताना रोज आंघोळ घालताना पाठ चोळायचो, मग नऊ-दहा वर्षांची झाली की मुलं दार लावून एकटी आंघोळ करायला लागतात, आणि ते बरोबरच आहे, पण कणा वाकडा व्हायला, म्हणजेच स्कोलिओसिस व्हायला लागायचं वयही नेमकं तेच असतं. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण दोन वर्षं डॉक्टर, फिजिओ, ब्रेसवाले (कण्यासाठी कडक जाकीट बनवणारे) यांच्याकडे फेऱ्या मारून आणि सगळं वाचून विचारून जे कळलं ते जसं मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं तसं सांगते.

आधी हे काय असतं ते

कणा मागून बघितला तर सरळ दिसायला पाहिजे. स्कोलिओसिसमध्ये तो एका बाजूला वळतो, कधी एकच वळण, कधी खाली-वर दोन उलटसुलट वळणं, आणि नुसता वळत नाही तर मणके पिळ घातल्यासारखे फिरतात सुद्धा. मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे ढकलल्या जातात, तोच तो उंचवटा. एक्सरेवर हे वळण मोजतात, त्याला कॉब अँगल म्हणतात, आणि तो १० डिग्री किंवा जास्त असेल तरच स्कोलिओसिस म्हणायचं. पोक काढून चालणं वेगळं आणि कुबड वेगळं, ते पुढे-मागे असतं, हे डावी-उजवीकडे असतं.

१० ते १८ या वयात जो होतो तो बहुतेक वेळा इडिओपॅथिक असतो, म्हणजे नेमकं एक कारण सापडत नाही. १०० पैकी साधारण २ ते ३ मुलांना असतो, म्हणजे ६० च्या वर्गात एखाद-दुसरं मूल असू शकतं. त्यातल्या बऱ्याच जणांचं वळण लहान असतं आणि आयुष्यभर काही त्रास देत नाही. पण काहींचं वाढतं, ते उंची वाढत असताना भराभर वाढतं, आणि दुखत फारसं नाही, म्हणून मूल स्वतःहून काही सांगत नाही. दुखलं असतं तर आम्हाला सहा महिने आधी कळलं असतं.

धोका कुणाला जास्त

इथे दोन प्रश्न आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे स्कोलिओसिस होण्याची शक्यता कुणाला जास्त, आणि दुसरा म्हणजे झालेला वाढण्याची शक्यता कुणाला जास्त. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण पहिल्यावर आपल्या हातात काही नाही.

होण्याबद्दल बोलायचं तर घराण्यात असणं ही मोठी गोष्ट. आई, वडील, भाऊ, बहीण, मावशी, आत्या, कुणाचा कणा वाकडा असेल तर घरातल्या सगळ्या मुलांची पाठ बघायची. आपल्याकडे जुन्या लोकांना स्कोलिओसिस हा शब्दच माहीत नसतो, त्यामुळे असं विचारा की कुणाचा एक खांदा खाली होता का, कुणाला ब्लाऊज शिवताना एका खांद्याला पॅड लावावं लागायचं का. मी हे विचारलं तेव्हा माझ्या माहेरच्या एका आत्याचं निघालं, तिचा ब्लाऊज कायम एका बाजूने घसरायचा, टेलर वैतागायचा, आणि आत्याची पाठ कधी कुणी बघितली नव्हती. कारणीभूत असू शकतील अशी काही जनुकं संशोधकांना सापडली आहेत, पण रक्त तपासून तुमच्या मुलाला होणार की नाही हे सांगता येईल इतकं ते अजून पक्कं नाही, म्हणून कुणी महागडी जनुक टेस्ट सुचवली तर आधी हाडाच्या डॉक्टरांना विचारा.

मग मुलगी असणं. लहान वळणं मुलगे-मुली दोघांमध्ये जवळजवळ सारखीच सापडतात, पण ३० डिग्रीच्या वरची वळणं मुलींमध्ये कितीतरी पटींनी जास्त, काही ठिकाणी दहापट सुद्धा सांगतात. म्हणजे मुलाला होत नाही असं नाही, मुलीचं वाढायचं भय जास्त.

ज्यांचे सांधे खूप लवचिक असतात, अंगाने बारीक असतात आणि पाळी उशिरा येते अशा मुलींमध्येही जास्त दिसलाय. बॅले नाचणाऱ्या आणि ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलींवर अभ्यास झाले त्यात प्रमाण बरंच जास्त निघालं, पण त्या खेळामुळे होतो की मुळातच लवचिक मुली त्या खेळाकडे जातात हे वेगळं करणं अवघड आहे. त्यामुळे जिम्नॅस्टिक्सचा किंवा भरतनाट्यमचा क्लास बंद करू नका, फक्त अशा मुलींची पाठ जरा जास्त नेमाने बघा.

आणि काही मुलांना दुसऱ्या कशामुळे तरी स्कोलिओसिस होतो. जन्मतःच एखादा मणका अर्धाच बनलेला असतो (अशा मुलांची किडनी आणि हृदयही तपासून घेतात), सेरेब्रल पाल्सी किंवा मसल्सचे आजार असतात, मार्फान सिंड्रोममध्ये मूल खूप उंच, हातपाय बोटं लांबच लांब असतात, न्युरोफायब्रोमॅटोसिसमध्ये अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे बरेच डाग असतात. हे तुमच्या मुलात असेल तर घरी बघत बसू नका, डॉक्टरांनाच नियमित दाखवा.

आता वाढण्याचं. हे तीन गोष्टींवर ठरतं, वळण आत्ता किती आहे, उंची अजून किती वाढायची आहे, आणि वळण कण्यात कुठे आहे. उंची किती बाकी आहे ते कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर एक्सरेत कळतं, त्याला रिसर म्हणतात, ० ते ५, ० म्हणजे भरपूर वाढ बाकी आणि ५ म्हणजे संपली. १९८४ साली लॉनस्टाइन आणि कार्लसन यांनी जो अभ्यास केला त्यात २० ते २९ डिग्री वळण आणि रिसर ० किंवा १ असलेल्या मुलांपैकी ६८ टक्क्यांचं वळण वाढलं, आणि तेवढंच वळण पण रिसर २ ते ४ असलेल्यांमध्ये फक्त २३ टक्क्यांचं. वळण तेवढंच, फरक फक्त शिल्लक वाढीचा! माझ्या लेकीचं पहिल्या एक्सरेत २७ डिग्री आणि रिसर १ आला, म्हणजे आम्ही त्या ६८ वाल्या रांगेत होतो.

मुलींची उंची सगळ्यात जोरात वाढते ती पहिली पाळी यायच्या आधीच्या सहा महिने ते वर्षभरात, आणि पाळी आल्यावर साधारण दोन वर्षं हळूहळू वाढून थांबते. म्हणजे पाळी आल्यावर बघू असं म्हणणाऱ्यांची सगळ्यात महत्त्वाची वेळ गेलेली असते. मुलांचं हे सगळं दीड-दोन वर्षं उशिरा होतं.

कशामुळे होत नाही

दप्तरामुळे होत नाही. हे मी ठासून सांगते कारण मी स्वतः दोन महिने रोज रात्री हाच विचार करून रडलेय की मी तिला एका खांद्यावरची बॅग का घेऊ दिली. जड दप्तराने पाठ-खांदे दुखतात, २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं लिहिलंय ते त्यासाठी योग्यच आहे, पण त्याने कणा पिळत नाही. वाकडं झोपल्याने, मोबाईल बघताना आडवं पडल्याने, पोक काढल्याने, लहानपणी कडेवर एकाच बाजूला घेतल्याने, गरोदरपणात आईने काही खाल्ल्याने किंवा न खाल्ल्याने, दूध कमी प्यायल्याने, यातल्या कशानेच नाही. त्यामुळे "ताठ बस, ताठ बस" म्हणून मुलीला दिवसभर टोकू नका, तिचा काही दोष नाही आणि ताठ बसून तो सरळ होणारही नाही.

घरी तपासायचं कसं

दर तीन महिन्यांनी, मुलींचं दहाव्या वर्षापासून आणि मुलांचं अकरा-बाराव्यापासून, उंची वाढायची थांबेपर्यंत. अमेरिकेतल्या हाडांच्या डॉक्टरांच्या संघटना मुलींची पाठ १० आणि १२ व्या वर्षी आणि मुलांची १३ किंवा १४ व्या वर्षी तपासून घ्या म्हणतात, पण घरी पाच मिनिटांचं काम आहे, तीन महिन्यांनी करायला काय हरकत.

मुलीचं आईने, आजीने किंवा मोठ्या बहिणीने करावं, मुलाचं वडिलांनी. आधी तिला विचारा, का बघायचंय ते सांगा, दार लावा. पाठ उघडी राहील असा पुढून बटणांचा गाऊन उलटा घालायला दिला तरी चालतो, पुढून सगळं झाकलेलं राहतं. केस वर बांधायचे, पाय अनवाणी, सपाट फरशी, आणि खिडकीचा उजेड एका बाजूने येईल असं उभं करायचं म्हणजे उंचवट्याची सावली दिसते.

आधी नुसतं उभं राहू द्या, पाय जोडून, हात सैल. मागून बघा. दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का, एक खवाटा जास्त बाहेर आलाय का, आणि हात आणि कंबर यांच्या मधे जी फट दिसते ना ती दोन्हीकडे सारखी आहे का. ही फट माझ्या मते घरच्या माणसाला सगळ्यात चांगली दिसते, एका बाजूला हात अंगाला चिकटलेला आणि दुसऱ्या बाजूला मधून पलीकडची भिंत दिसतेय असं असेल तर तिथेच थांबून नीट बघा. ड्रेसचा गळा एकाच बाजूला घसरतो, स्कर्टची एक बाजू खाली लोंबते, हे पण याच्यातलंच. मला हे दिसत होतं हो, मी टेलरला दोष देत होते.

मग ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात तोच, घरी जाड दोऱ्याला एक किल्ली किंवा नट बांधायचा. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी एक मोठं हाड टोचल्यासारखं वर येतं, ते बोटाने धरून ठेवा, मान सरळ करायला सांगा, आणि दोऱ्याचं वरचं टोक तिथे धरून खाली सोडा. दोरा दोन नितंबांच्या मधल्या रेषेवर पडला पाहिजे. बोटभर इकडे-तिकडे गेला तर लिहून ठेवा.

आता मुख्य टेस्ट. १८६५ मध्ये लंडनच्या विल्यम ॲडम्स नावाच्या सर्जनने ही सांगितली आणि आजही जगभर हीच करतात, आणि आपल्याला ती नवीन नाही कारण सूर्यनमस्कारातल्या हस्तपादासनाला आपण असेच वाकतो. फरक एवढाच की इथे हात जमिनीला लावायचे नाहीत. पाय जोडलेले, गुडघे ताठ, दोन्ही तळवे नमस्कारासारखे एकमेकांना चिकटवून हात खाली लोंबते सोडायचे आणि सावकाश कमरेतून वाकायचं, पाठ जमिनीला समांतर येईपर्यंत. तुम्ही मागे स्टुलावर बसा, म्हणजे तुमचे डोळे तिच्या पाठीच्या पातळीला येतात, उभं राहून वरून बघितलं तर कळत नाही. ती वाकत असताना नजर आधी वरच्या पाठीवर, मग मधे, मग कमरेवर. डावी आणि उजवी बाजू एका पातळीत असायला हवी, टेबलासारखी. एक बाजू डोंगरासारखी वर आली तर ते वळणाचं लक्षण. बरगड्यांच्या भागात बहुतेक वेळा उजवीकडे येतो, कमरेत असेल तर मांसाचा लांबट गोळा वर आल्यासारखा दिसतो.

उंचवटा दिसला तर लगेच स्टुलावर बसवून परत वाकवा. बसल्यावर नाहीसा झाला तर कदाचित एक पाय किंचित लांब-आखूड असेल, ते पण दाखवायचं पण घाई नको. बसूनही तसाच राहिला तर मग डॉक्टर.

मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप पण वापरता येतं. फोन आडवा धरून दोन्ही टोकांखाली आपले अंगठे घालायचे म्हणजे मधे कण्याच्या हाडाला जागा राहते, आणि उंचवट्याच्या जागी पाठीवर हलका टेकवायचा, दाबायचा नाही. ५ ते ७ डिग्री किंवा जास्त दाखवलं तर डॉक्टरांना दाखवा. हा आकडा आणि एक्सरेमधला कॉबचा आकडा वेगवेगळे असतात, गल्लत करू नका, फोनवर ७ म्हणजे ७ डिग्रीचं वळण नाही, ते बरंच जास्त असू शकतं.

फोटो काढलात तर फक्त स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. फॅमिली ग्रुपवर टाकून "काय वाटतं" विचारू नका, मुलींना ते आयुष्यभर लागून राहतं.

दरवाजाच्या चौकटीवर उंचीची खूण आणि तारीख पेन्सिलीने करत जा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात की गेल्या सहा महिन्यांत किती वाढली, आणि दुसरा प्रश्न पाळी कधी सुरू झाली. दोन्ही तारखा लिहिलेल्या असल्या की फार बरं पडतं.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते त्यांनाही पाठ बघा म्हणून मुलांनी किंवा शिक्षकांनी न लाजता सांगावं.

लगेच पळायचं कधी

रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायात मुंग्या, बधिरपणा, पाय लटपटणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, कमरेच्या खालच्या भागात मधोमध केसांचा झुपका किंवा खोल खळगा, दोन-तीन महिन्यांत डोळ्यांना दिसेल इतकं वाढणं, छातीच्या भागातलं वळण डावीकडे असणं. यातलं काही असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात, टाळू नका. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं आणि पाठीत एकाच जागी दुखणं असेल तर मणक्याचा टीबी सुद्धा असू शकतो, आपल्याकडे तो आहेच, आणि त्याला औषधं आहेत.

डॉक्टरांकडे काय करायचं

आमची इथे चूक झाली. पहिल्यांदा जवळच दाखवलं तर पोक काढून बसते, कॅल्शियम द्या, पोहायला पाठवा असं सांगितलं, तिला वाकवून कुणी बघितलंच नाही. मग एका ठिकाणी झोपवून नुसत्या कमरेचा एक्सरे काढला, त्यात वळण अर्धंच आलं. त्यात अडीच महिने गेले. म्हणून सांगते, मणक्याच्या, आणि जमलं तर लहान मुलांच्या मणक्याचं काम करणाऱ्या ऑर्थोपेडिक सर्जनकडेच जा. सर्जन म्हणजे ऑपरेशनच सांगणार असं नसतं. आम्ही कराडहून पुण्याला जायचो, सकाळची एसटी धरून, दर चार महिन्यांनी, आणि ते परवडलं.

एक्सरे उभं राहूनच काढायचा, मानेपासून कमरेच्या हाडापर्यंत पूर्ण कणा एका फिल्ममध्ये, आणि किरण पाठीमागून पुढे जातील असा. मागून काढल्याने छातीला रेडिएशन बरंच कमी लागतं, वाढत्या मुलींसाठी ते महत्त्वाचं आहे, म्हणून टेक्निशियनला आधी विचारून घ्या. प्रत्येक एक्सरेची फिल्म किंवा सीडी जपून ठेवा, तारीख घालून, आणि प्रत्येक वेळी सगळ्या न्या. मोजण्यात पाचेक डिग्रीचा फरक पडू शकतो त्यामुळे २७ चं २९ झालं म्हणून रात्र जागवू नका, ३३ झालं तर मात्र खरंच वाढलंय.

मग पुढचं साधारण असं ठरतं: २५ च्या आत असेल तर दर चार-सहा महिन्यांनी बघत राहायचं, २५ ते ४०-४५ आणि वाढ बाकी असेल तर ब्रेस, आणि ४५-५० च्या पुढे गेलं तर ऑपरेशनची चर्चा. ५० च्या पुढचं वळण उंची थांबल्यावरही वर्षाला साधारण एक डिग्रीने वाढत राहू शकतं म्हणून तो आकडा. ३० च्या आतलं वळण उंची थांबल्यावर सहसा वाढत नाही. म्हणजे सगळा खटाटोप वाढ थांबेपर्यंत ते लहान ठेवायचा आहे.

ब्रेस

ब्रेस म्हणजे मापाचं कडक प्लास्टिकचं जाकीट, बगलेपासून कमरेखालपर्यंत, आतून पॅड, मागे किंवा पुढे पट्टे. त्याने कणा सरळ होतो असं नाही, वाढायचा थांबतो, हे मुलीला आधीच सांगून टाका नाहीतर ती रोज आरशात बघून निराश होते. उपयोग होतो का असा प्रश्न वर्षानुवर्षं होता, अमेरिका-कॅनडात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उत्तर मिळालं: ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचं वळण ५० च्या आत राहिलं, न घालणाऱ्यांपैकी ४८ टक्के, आणि फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवून निकाल सांगितला. ब्रेसमध्ये तापमानाचा सेन्सर होता त्यामुळे खरंच किती तास घातला ते कळत होतं, जे रोज सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घालत होते त्यांच्यात ९० टक्क्यांहून जास्त यश. दुसरी बाजू पण बघा, न घालताही ४८ टक्के ठीक राहिले, म्हणून लहान वळणाला उगाच ब्रेस घालायची घाई करायची नाही.

पहिले दहा-पंधरा दिवस फार अवघड जातात. दोन तासांपासून सुरू करून हळूहळू वाढवा. आतून शिवण नसलेला, घट्ट बसणारा सुती बनियन, सुरकुती पडू द्यायची नाही, एक सुरकुती दिवसभर टोचते. ब्रेस काढल्यावर त्वचा लाल दिसते, अर्ध्या तासात लाली गेली तर ठीक, राहिली किंवा फोड आला तर ब्रेसवाल्याकडे जाऊन घासून घ्या, स्वतः कापू नका. ब्रेसच्या आत तेल, क्रीम, पावडर काही नको, त्वचा मऊ पडून सोलते. ब्रेस रोज साबणाच्या पाण्याने पुसायचा. युनिफॉर्म एक साइज मोठा घ्या. मांडी घालून जेवायला बसणं जमत नाही त्यामुळे ती जेवते तेव्हा आम्ही सगळेच टेबलावर बसायला लागलो, पोटावर दाब असतो म्हणून एकदम पोटभर न देता थोडं थोडं चार-पाच वेळा. मे महिन्यात उकाड्याने रडकुंडीला आली होती, तेव्हा दिवसातून तीन बनियन बदलले, आणि दुपारच्या उन्हाच्या तीन तासांत काढून ते तास संध्याकाळी भरून काढले. खेळताना, पोहताना काढायचा. खेळ बंद करायचा नाही, उलट रोज खेळायचं, नाहीतर पाठीचे मसल्स कमजोर होतात.

ब्रेस घातल्यावर महिना-दीड महिन्याने ब्रेस घालूनच एक एक्सरे काढतात, त्यात वळण बरंच कमी झालेलं दिसलं पाहिजे, साधारण निम्मं झालं तर उत्तम. काहीच कमी झालं नसेल तर ब्रेस नीट बनलेला नाही, परत बनवून मागा, कारण मूल तास घालवतंय आणि काम होत नाहीये.

व्यायाम, मसाज वगैरे

श्रॉथ नावाची व्यायामाची पद्धत आहे, जर्मनीतल्या काथारिना श्रॉथ या बाईंनी १९२१ मध्ये सुरू केली, त्यांना स्वतःला स्कोलिओसिस होता. प्रत्येकाच्या वळणाप्रमाणे वेगळे व्यायाम आणि श्वास असतो, त्यामुळे व्हिडिओ बघून करायचे नाहीत, शिकलेल्या फिजिओकडूनच शिकायचे. ब्रेससोबत चांगलं, ब्रेसऐवजी नाही. योगासनं करायला हरकत नाही पण आसनाने २७ डिग्री सरळ होईल असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. आणि कण्याला झटके देऊन "बसवून" देणाऱ्यांकडे वाढतं मूल अजिबात नेऊ नका, आम्हाला तिघांनी तिघांचे पत्ते दिले होते.

ऑपरेशन लागलंच तर

त्यात स्क्रू आणि रॉड घालून वळणाच्या भागातले मणके एकत्र जोडतात, चालू ऑपरेशनमध्ये मज्जारज्जूवर मशिनने सतत लक्ष ठेवतात. हे मॉनिटरिंग तिथे आहे का आणि अशी किती ऑपरेशनं वर्षाला करता, हे दोन प्रश्न विचाराच. खर्च मोठा असतो, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेत बसतं का ते दाखल व्हायच्या आधी विचारून घ्या.

मुलीशी आणि नातेवाइकांशी

आमच्याकडे पहिलं वाक्य आलं ते "कुणाला सांगू नका, पुढे लग्नाचं अवघड होईल". मी तिच्यासमोरच सांगितलं की आम्ही लपवणार नाही. इडिओपॅथिक स्कोलिओसिस असलेल्या बहुतेक बायका नोकऱ्या करतात, त्यांना मुलंबाळं होतात, बाळंतपणं नीट होतात. उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे आणि त्याने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदात पळून दाखवलं. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या युजेनीचं १२ व्या वर्षी ऑपरेशन झालं आणि २०१८ मध्ये लग्नात तिने पाठ उघडी राहील असाच ड्रेस घातला, म्हणजे व्रण दिसावा म्हणून. लेकीने तो फोटो वहीच्या आत चिकटवलाय.

किती तास ब्रेस घालायचा हे डॉक्टर ठरवतात, पण कोणते तास हे तिला ठरवू द्या. माझ्या लेकीने शाळेत घालायचा नाही असं ठरवलं, शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी घालायची आणि सकाळी आंघोळीपर्यंत काढायची नाही, डॉक्टरांनी तास मोजून हो म्हटलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे तास ती स्वतः लिहायची, मी विचारायचं नाही असं ठरलेलं.

आता तिचा रिसर ४ आहे, वळण २९, ब्रेस फक्त रात्री. धाकट्याला आता बारावं चालू आहे, सख्ख्या बहिणीला असल्याने त्याचीही पाठ दर तीन महिन्यांनी बघतो, त्याचे बाबा बघतात आणि दोरा-किल्ली ती धरते, कारण मानेच्या बुडाशी ते हाड नेमकं कुठे असतं हे घरात तिच्याइतकं कुणालाच पटकन सापडत नाही. मागच्या रविवारी किल्ली मधोमध पडली, तिने चौकटीवर त्याच्या उंचीची खूण केली, शेजारी तारीख घातली आणि खाली लिहिलं, सरळ.